तारेचा झोळ: किती ठेवायचा, कसा मोजायचा आणि तो कशाकशाने बदलतो

मे महिन्याची दुपार. उसाच्या फडावरून गेलेल्या ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या तारेकडे बोट दाखवून शेतकरी म्हणतो, "साहेब, तार लई खाली आलीय, जरा ओढून घ्या की." वायरमन खांबावर चढतो, तार ओढतो, झोळ दिसेनासा होतो आणि सगळ्यांचं समाधान होतं. डिसेंबरच्या पहाटे त्याच तारेचा सांधा सुटतो, नाहीतर टोकाचा खांब आत वाकतो. असा वाकलेला खांब मी स्वतः बघितला आहे. तार नवी होती, खांब नवा होता, काम नीटनेटकं दिसत होतं. चूक एवढीच झाली होती की ४० अंशांच्या उन्हात तार डोळ्याला बरी दिसेल इतकी ताणली होती.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. झोळ, म्हणजे दोन खांबांमध्ये तार जितकी खाली लोंबते ते अंतर, हा दोष नाही, तो हिशेबाने ठेवलेला असतो आणि तो हिशेब तापमानावर चालतो. तापमान न बघता ओढलेली तार आज कितीही सुबक दिसली तरी चुकीचीच ओढलेली आहे.

आधी सूत्र समजून घ्या

अंगणात कपडे वाळत घालायची दोरी बांधताना अनुभव घेतला असेल. थोडी ढिली दोरी एका हाताने बांधता येते. ती सरळ करायला गेलं की खुंट्या उपटायची वेळ येते आणि तरी मध्ये थोडा झोळ उरतोच. वीजवाहक तारेचं तसंच आहे. दोन्ही आधार एका पातळीत असतील तर:

झोळ = (एक मीटर तारेचं वजन × गाळा × गाळा) ÷ (८ × ताण)

गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ज्याला आपण स्पॅन म्हणतो. वजन आणि ताण किलोत, अंतर मीटरमध्ये. टांगलेल्या तारेचा खरा आकार परवलयापेक्षा किंचित वेगळा असतो, पण आपल्या नेहमीच्या गाळ्यांना हे सूत्र पुरेसं अचूक आहे.

आता ११ केव्हीवर सर्रास दिसणारी रॅबिट तार घेऊ. ॲल्युमिनिअमचे सहा पदर, मध्ये पोलादाचा एक, प्रत्येक ३.३५ मिलिमीटर जाडीचा. वजन मीटरला ०.२१४ किलो, तुटण्याचा भार साधारण १,८६० किलो. गाळा ७० मीटर आणि ३२ अंशांना ताण ३०० किलो धरला, तर झोळ येतो ४४ सेंटिमीटर. पुढचा सगळा हिशेब याच गाळ्यावर करतो, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील.

सूत्रात गाळ्याचा वर्ग आहे, हे विसरू नका. ताण तोच ठेवून गाळा ७० चा १०० मीटर केला की झोळ ४४ वरून ८९ सेंटिमीटरवर जातो. ओढ्याच्या किंवा विहिरीच्या अडचणीमुळे "एवढा एक गाळा थोडा लांब घेऊ" असं ठरतं, तेव्हा तो थोडेपणा दुपटीने महाग पडतो. मधला एक खांब पडला तर गाळा दुप्पट होतो आणि ताण तसाच धरला तरी झोळ चौपट.

तापमान: सगळ्यात मोठा घटक

वर सांगितलेल्या गाळ्यातली तार वर्षभर कशी वागते ते बघा. १० अंशांना तिचा ताण सुमारे ४७८ किलो होतो आणि झोळ २७ सेंटिमीटरवर येतो. २० अंशांना झोळ ३३, ३२ अंशांना ४४, ४० अंशांना ५३. आणि तार स्वतः ७५ अंशांपर्यंत तापली की झोळ १०३ सेंटिमीटर, ताण उरतो फक्त १२७ किलो.

या ३२ ते ७५ अंशांच्या प्रवासात तारेची लांबी वाढते ती फक्त ३३ मिलिमीटर. दोन बोटांएवढी लांबी वाढली आणि तार ५९ सेंटिमीटर खाली आली. लांबीतल्या अगदी बारीक फरकाने झोळ एवढा हलतो, हे ज्याच्या डोक्यात बसलं तो तारेचं बाइंडिंग, म्हणजे इन्सुलेटरला तार बांधलेली गाठ, ढिलं ठेवणार नाही आणि कललेला खांब "बघू नंतर" म्हणून सोडणार नाही.

७५ अंश हे हवेचं नव्हे, तारेचं तापमान आहे. वरून ऊन, आतून करंट, आणि वारा पडलेला, असे तिन्ही जमले की तार हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. मंद वाराही तारेला बराच गार ठेवतो, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ म्हणजे भर उन्हाची, निवांत हवेची आणि शेतीपंप जोरात चालू असलेली दुपार. आपल्या राज्यात निफाडला थंडीत पारा ५ अंशांखाली उतरतो आणि चंद्रपुरात उन्हाळ्यात ४७ च्या पुढे जातो. एका जिल्ह्यातला झोळाचा तक्ता, म्हणजे कोणत्या तापमानाला किती झोळ ठेवायचा याची यादी, दुसऱ्या जिल्ह्यात डोळे झाकून वापरू नये तो यासाठीच.

मोठ्या पारेषण लाईनवर चित्र थोडं बदलतं. २२० केव्हीची झेब्रा नावाची जाड तार, ३५० मीटरचा गाळा, ३२ अंशांना तुटण्याच्या भाराच्या २५ टक्के ताण: झोळ साधारण साडेसात मीटर. ७५ अंशांना तो सव्वानऊ मीटरच्या आसपास जातो. वाढ पावणेदोन मीटरची, पण प्रमाणात बघितली तर पाव पटीने. आपल्या ७० मीटरच्या गाळ्यात झोळ सव्वादोन पटींहून जास्त झाला होता. छोटा गाळा तापमानाला जास्त हळवा असतो. आखूड गाळ्यावर काम करणारी माणसंच तापमान कमी बघतात, हे मला नेहमी खटकतं.

झोळाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चं आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात त्या दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ केव्हीची एक लाईन खालच्या झाडाला टेकून बंद पडली. तिच्यावर भार होता क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के. तार आपल्या मर्यादेत झोळली होती, झाड मर्यादेबाहेर वाढलं होतं. तिचा भार शेजारच्या लाईनींवर गेला, त्या तापल्या, झोळल्या आणि पुढच्या ३६ मिनिटांत आणखी दोन लाईनी झाडांना लागून गेल्या. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांकडे वीज नव्हती. आपल्याकडे पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या कामाला "किरकोळ काम" म्हणतात, तेव्हा मला ते ३ वाजून ५ मिनिटं आठवतात.

वारा, बर्फ, वय आणि जमीन

वाऱ्याने तार खाली येत नाही, आडवी फेकली जाते. रॅबिटचा व्यास १०.०५ मिलिमीटर. चौरस मीटरला ५० किलोचा दाब धरला तर वारा मीटरमागे अर्धा किलो आडवा लोटतो, म्हणजे तारेच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. तार उभ्या रेषेपासून साठ अंशांच्याही पुढे झुकते. तिन्ही तारांचा झोळ सारखा असेल तर त्या एका लयीत झुलतात आणि त्यांच्यातलं अंतर टिकतं. एकीचा झोळ जास्त असेल तर तिची लय वेगळी पडते आणि मध्यावर तारा एकमेकींना भिडतात. ठिणग्या खाली वाळलेल्या पाचटावर पडतात आणि तोडणीला आलेला ऊस जळतो. अशा आगीनंतर पंचनाम्यात "तारा लोंबकळत होत्या" असं लिहिलं जातं. नुसतं लोंबकळणं एवढं घातक नसतं, तारा असमान लोंबकळणं घातक असतं.

बर्फाचा प्रश्न महाराष्ट्रात नाही, हिमाचल-काश्मीरमध्ये आहे. रॅबिटवर सगळीकडून १० मिलिमीटर बर्फ बसला तर मीटरमागे अर्ध्या किलोहून जास्त वजन वाढतं.

तार जुनी होते तशी ॲल्युमिनिअम कायमचं थोडं लांबतं. पहिल्या काही महिन्यांत हे जास्त होतं, मग मंदावतं. म्हणून चांगल्या तक्त्यात नव्या तारेसाठी आणि जुन्या तारेसाठी वेगळे आकडे असतात. नव्या तारेला सुरुवातीला थोडा जास्त ताण देतात, तो पुढे आपोआप उतरतो.

जमिनीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण पुस्तकांत हे फारसं नसतं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कटपॉइंटचा, म्हणजे जिथे तार ओढून पक्की बांधली जाते त्या टोकाचा खांब, दरवर्षी ताणाच्या दिशेने थोडा थोडा कलत जातो. आपल्या ७० मीटरच्या एकट्या गाळ्यात खांबाचा माथा फक्त ५ सेंटिमीटर आत आला, तर ३२ अंशांचा झोळ ४४ वरून ९५ सेंटिमीटर होतो. दुप्पट! एका सेक्शनमध्ये, म्हणजे दोन कटपॉइंटच्या मधल्या पट्ट्यात, आठ-दहा गाळे असले तर हा फरक वाटला जातो, पण जात नाही. अशा ठिकाणी तार ओढून झोळ काढणं म्हणजे दुखणं पायात आणि पट्टी डोक्याला. आधी स्टे, म्हणजे खांबाला मागून धरणारी तिरपी तार तपासा, खांबाच्या बुडाशी काँक्रीट घाला, खांब ओळंब्यात आणा. पुष्कळदा त्यानंतर तारेला हात लावायची गरजच उरत नाही.

पायरी पहिली: सेक्शन मोजा आणि समतुल्य गाळा काढा

यापुढचं काम लाईन बंद करून, परमिट घेऊन, दोन्ही बाजूंना अर्थिंग करूनच. शेजारच्या पंपाच्या जनरेटरवरून उलटी वीज येऊ शकते, तेव्हा "एबी स्विच (खांबावरचा लाईन तोडायचा स्विच) उघडलाय" एवढ्यावर कुणी खांबावर चढू नये.

दोन कटपॉइंटमधले सगळे गाळे टेपने मोजा. गाळे क्वचितच सारखे असतात, पण ताण सगळ्यांत जवळपास एकच राहतो. म्हणून एक समतुल्य गाळा काढायचा: प्रत्येक गाळ्याच्या घनाची बेरीज, भागिले गाळ्यांची बेरीज, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. ६०, ७० आणि ९० मीटरचे तीन गाळे असतील तर उत्तर येतं ७६.५ मीटर. साधी सरासरी ७३ च्या आसपास येते. लांब गाळ्याचा शब्द इथे जास्त चालतो. तक्त्यात ७६.५ चा झोळ बघा, मग प्रत्येक गाळ्यासाठी त्याला (तो गाळा ÷ ७६.५) च्या वर्गाने गुणा.

पायरी दुसरी: ताणाची मर्यादा ठरवा

आपल्या विद्युत सुरक्षा नियमांत चालत आलेला निकष असा: सर्वात जोराच्या वाऱ्यातही तारेवर तुटण्याच्या भाराच्या निम्म्याहून जास्त ताण नको, आणि ३२ अंशांना, वारा नसताना, सुरुवातीला ३५ टक्क्यांहून व कायमचा २५ टक्क्यांहून जास्त नको. रॅबिटसाठी २५ टक्के म्हणजे ४६५ किलो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा कामाच्या दिवशी लागू असलेली प्रत जवळ ठेवा.

सुरुवातीच्या वाकलेल्या खांबाकडे आता परत येऊ. आपल्याच गाळ्यात ४० अंशांना ५३ ऐवजी ३० सेंटिमीटर झोळ ठेवला असं समजा. त्या वेळी ताण ४३७ किलो, म्हणजे काही वाटणार नाही. ३२ अंशांना तो ५०७ होतो, मर्यादा तिथेच ओलांडली जाते. १० अंशांच्या पहाटे ७०७ किलो. तीन तारा मिळून टोकाच्या खांबावर दोन टनांहून जास्त ओढ, आणि वारा अजून यायचाय.

उलटी चूकही होते. डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना तार ओढताना तक्त्यातली ३२ अंशांची ओळ वाचली आणि ४४ सेंटिमीटर झोळ ठेवला, तर ७५ अंशांना तो १३२ सेंटिमीटर होईल. हिशेबातल्या १०३ पेक्षा जवळपास एक फूट जास्त.

पायरी तिसरी: तारेचं तापमान घ्या

मोबाइलवर दिसणारं शहराचं तापमान इथे कामाचं नाही. त्याच तारेचा फूटभर तुकडा कापा, मधली पोलादी तार ओढून काढा आणि त्या पोकळीत बारीक तापमापक सरकवा. तुकडा तारेच्या उंचीवर, उन्हातच, अर्धा तास टांगून ठेवा. मग वाचलेला आकडा तारेचा असतो. शक्यतो सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत काम करा. भर दुपारी ढग आला-गेला तरी तारेचं तापमान काही मिनिटांत बदलतं.

पायरी चौथी: तार ओढा आणि तिला बसू द्या

तार जमिनीवरून फरफटत नेऊ नका. प्रत्येक खांबावर रोलर लावा. रोलर जाम असला की ओढणाऱ्या टोकाचा गाळा ताठ होतो आणि लांबचा ढिलाच राहतो, ताण मध्येच अडकतो. चेन पुलरने, म्हणजे तार ताणायच्या साखळीच्या साधनाने, हळूहळू ओढा. तक्त्यातल्या झोळाच्या जवळ आलात की थांबा. तासभर तरी तार तशीच राहू द्या, पदर एकमेकांत बसतात. मग शेवटचा फरक काढा.

झोळ मोजायला सेक्शनच्या मधला, समतुल्य गाळ्याच्या जवळपास लांबीचा गाळा निवडा. ओढणाऱ्या टोकाचा पहिला गाळा निवडाल तर फसाल.

पायरी पाचवी: दोन रीतींनी मोजा

पहिली रीत डोळ्याची. दोन्ही खांबांवर, तार जिथे टेकते तिथून बरोबर झोळाएवढं खाली मोजून आडवी पट्टी बांधा. एका पट्टीच्या कडेवर डोळा ठेवून समोरच्या पट्टीची कड धरा. तार त्या रेषेला टेकली की झोळ बरोबर. खांब वर-खाली पातळीवर असले तरी ही रीत चालते, दोन्हीकडे तेवढंच अंतर मोजायचं.

दुसरी रीत लाटेची, आणि ही माझी आवडती. खांबाजवळ तारेवर सुकी दोरी टाकून एक झटका द्या. लाट समोरच्या खांबापर्यंत जाते, परतते, आणि दोरीत बोटांना हलका ठोका जाणवतो. झटक्याला "शून्य" म्हणा, पहिल्या परतीला "एक", आणि पाचव्या परतीला स्टॉपवॉच बंद करा. सेकंदांचा वर्ग करून ०.०१२३ ने गुणा, झोळ मीटरमध्ये मिळतो. पाच परतींना ६ सेकंद लागले तर ३६ × ०.०१२३, म्हणजे ४४ सेंटिमीटर. यात ना गाळ्याची लांबी लागते, ना तारेचं वजन. झटक्यालाच "एक" म्हणण्याची चूक नव्या पोरांकडून हमखास होते, मग चारच परती मोजल्या जातात आणि झोळ खऱ्यापेक्षा कमी निघतो. वारा असेल तर ठोका नीट कळत नाही. तीनदा मोजा.

दोन्ही रीतींच्या उत्तरांत पाच सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर बाइंडिंग करू नका, आधी कारण शोधा.

पायरी सहावी: चढउताराचे गाळे वेगळे बघा

कोकणात किंवा घाटात खांब एका पातळीत नसतात. तारेचा सर्वात खालचा बिंदू तेव्हा गाळ्याच्या मध्यावर नसतो, खालच्या खांबाकडे सरकतो. आपल्या ७० मीटरच्या गाळ्यात दोन खांबांत ३ मीटरचा फरक असेल, तर ३०० किलो ताणाला तो बिंदू गाळ्याच्या बाहेरच जातो. म्हणजे खालच्या खांबावर या गाळ्याची तार खाली दाबत नाही, वर उचलते. ७५ अंशांना ताण उतरला की तीच तार पुन्हा खाली दाबू लागते. दोन चढांच्या बेचक्यातला खांब असेल तर थंडीत दोन्हीकडून उचल बसते आणि पिन इन्सुलेटरवरचं (ज्याच्या माथ्यावर तार नुसती टेकवून बांधतात) बाइंडिंग सुटतं. अशा खांबावर कटपॉइंट घ्या, ताण पेलणारे डिस्क इन्सुलेटर लावा, किंवा तिथला खांब उंच करा.

पायरी सातवी: जमिनीपासूनचं अंतर गरम तारेवरून तपासा

आज मोजलेलं अंतर आजचं आहे. त्यातून तारेच्या कमाल तापमानापर्यंत वाढणारा झोळ वजा करा, मग नियमाशी ताडा. उघड्या ११ केव्ही तारेला शेतात किमान ४.६ मीटर, रस्त्याच्या कडेने ५.८, रस्ता ओलांडताना ६.१. मोठ्या लाईनींना हे अंतर वाढत जातं: १३२ केव्हीला ६.१ मीटर, २२० ला सुमारे ७, ४०० ला ८.८४.

समजा तार ६.२ मीटरवर बांधली आहे. १०३ सेंटिमीटर वजा केले की उरतात ५.१७. शेतात हे पुरतं, रस्ता ओलांडायला अजिबात नाही, तिथे उंच खांबच हवा. तिथे तार ताणून उंची मिळवायला जाऊ नका. शेतातही खाली काय काय जाणार आहे ते विचारा. उसाने भरलेल्या ट्रॉलीवर माणूस उभा राहिला तर तारेपासून किती अंतर उरेल, हे शेतकऱ्याबरोबर तिथेच उभं राहून मोजा.

आणि शेतकरी मंडळींना एक कळकळीची विनंती. तार खाली आलेली दिसली तर बांबूने उचलू नका, दोन तारांमध्ये काठी अडकवू नका, खांबाला दोरी लावून ओढू नका. १९१२ या तक्रार क्रमांकावर फोन करा, खांबाचा नंबर सांगा आणि किती वाजता बघितलं तेही सांगा. वेळ कळली की त्या वेळी तार किती तापलेली असेल याचा अंदाज आम्हाला येतो.

पायरी आठवी: वहीत नोंद करा, आणि उन्हाळ्यानंतर परत या

बाइंडिंग झालं की तिन्ही तारांचा झोळ पुन्हा एकदा लाटेने मोजा. तिघींत पाच सेंटिमीटरहून जास्त फरक ठेवू नका. मग लिहून ठेवा: तारीख, वेळ, तारेचं तापमान, सेक्शनचे गाळे, समतुल्य गाळा, तिन्ही झोळ, आणि टोकाच्या खांबांचा ओळंबा. पहिल्या उन्हाळ्यानंतर एकदा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा त्याच गाळ्यात उभं राहून हेच मोजा. त्या दिवशीच्या तापमानाला तक्ता जेवढा झोळ सांगतो त्याहून तो बराच जास्त निघाला, तर आधी ओळंबा लावून खांब बघा, मग बाइंडिंग, मग सांधे. तारेवर पुलर चढवायचा तो हे तिन्ही बघून झाल्यावर.